तिसऱ्यांची स्पगेटी

प्रश्न : इटलीतील नेपल्सच्या पद्धतीची तिसऱ्यांची (खाण्याच्या शिंपल्यांची) स्पगेटी घरी केली की रस पाणचट राहतो आणि तिसऱ्या चिवट होतात. असे का होते?

उत्तर : उघडल्यानंतरही आचेवर राहिलेल्या तिसऱ्या आक्रसतात, म्हणून ऑलिव्ह तेलात लसूण परतून त्यात तिसऱ्या व थोडी पांढरी वाइन घालावी, झाकण ठेवावे आणि शिंपल्या उघडतील तसतशा त्या काढून घ्याव्यात. रसाला दाटपणा येतो तो पास्त्याच्या पिठूळ पाण्यामुळे. स्पगेटी पाकिटावरील वेळेच्या 2 मिनिटे आधी उपसून, पळीभर पाण्यासह तिसऱ्यांच्या गाळलेल्या रसात मोठ्या आचेवर सतत हलवत शिजवावी, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव होते. हा रस मुळातच खारट असल्याने मीठ बेतानेच घालावे. चीज इटलीत यावर सहसा घालत नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.