मास्टर्स झालं, आता पीएचडीसाठी विद्यापीठ बदलावं का?

तुमचा प्रश्न असा: मास्टर्सचा प्रबंध संपत आलाय, गाइड पीएचडीलाही ठेवून घ्यायला तयार आहेत, पण बाकी सगळे म्हणतायत की दोन्ही पदव्या एकाच ठिकाणी घेऊ नका. माझं मत आधी सांगतो. एका विद्यापीठाची दुसऱ्याशी तुलना करत बसू नका. पीएचडीची वर्षं कशी जातील हे गाइड, विषय आणि निधी या तिघांवर ठरतं, विद्यापीठाचं नाव त्यानंतर येतं.

म्हणून सुरुवात आताच्या गाइडपासून करा. गेल्या सात-आठ वर्षांत त्यांच्याकडे किती जण लागले, त्यांतल्या किती जणांची पीएचडी झाली आणि किती वर्षांत? प्रबंध कधी जमा झाला ते विद्यापीठाच्या संग्रहात सापडतं, नोंदणी कधी झाली ते त्या विद्यार्थ्यालाच विचारा. मध्येच सोडून गेलेलं कुणी असेल तर त्याच्याशी आवर्जून बोला, जे इतर कुणी सांगत नाही ते तिथे कळतं. गाइडच्या निवृत्तीला किती वर्षं उरलीत, ते मोठ्या रजेवर जाणार आहेत का, तुमची फेलोशिप कोणत्या प्रकल्पातून येणार आणि तो प्रकल्प कधी संपतो, हे संकोच न करता विचारा. चार वर्षांच्या कामाला दोनच वर्षांचा निधी असेल, तर उरलेली दोन वर्षं कशावर काढायची याचं उत्तर नोंदणीआधी मिळायला हवं.

राहण्याचा फायदा खरा आहे. उपकरणांवर हात बसलेला असतो, डेटा हाताशी असतो, नीतिसमितीची परवानगी मिळालेली असते. प्रायोगिक विषयात जागा बदलली की हे सगळं पुन्हा उभं करण्यात सहा महिने ते वर्ष सहज जातं. सैद्धांतिक किंवा संगणकावरच्या कामात हा खर्च बराच कमी. देशाची पद्धतही बघा. अमेरिकेत पीएचडी बहुधा पाच-सहा वर्षांची असते, पहिली एक-दोन वर्षं कोर्सवर्क आणि पात्रता परीक्षेत जातात, आणि मास्टर्सचे किती क्रेडिट धरायचे हे तो विभाग ठरवतो. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षं आणि जवळजवळ पहिल्या दिवसापासून संशोधन. नेदरलँड्स, स्वीडनमध्ये पीएचडी म्हणजे बहुतेकदा पगारी नोकरी, जाहिरात निघते आणि त्या जागेसाठी अर्ज करायचा.

राहण्याचा तोटा मात्र उशिरा दिसतो. मास्टर्सचाच विषय लांबवत पीएचडी होते आणि पुढे निवड समितीत विचारलं जातं, यातली कल्पना गाइडची किती आणि उमेदवाराची किती? शिफारसपत्रं एकाच विभागातली, ओळखीही त्याच वर्तुळातल्या. युरोपीय संघाच्या निधीतून पीएचडीच्या जागा देणाऱ्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये तर नियमच आहे: भरतीआधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेला उमेदवार अपात्र. म्हणजे ज्या देशात दोन वर्षांचं मास्टर्स केलं, त्याच देशात यातली जागा लगेच मिळत नाही.

मी राहा म्हणेन, पण दोन अटींवर. तुमच्या विषयात हा गट खरोखर आघाडीवर हवा, आणि पीएचडीचा प्रश्न मास्टर्सच्या प्रश्नापेक्षा वेगळा हवा. त्यातही बाहेरचा सहगाइड घ्या आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत तीन ते सहा महिने काम करण्याची सोय पहिल्याच वर्षी लेखी करून घ्या, ‘पुढे बघू’ म्हटलेलं बहुधा होत नाही. त्याच विद्यापीठात दुसरा गाइड घेणं हाही मार्ग आहे, त्याचा विचार फार कमी जण करतात. शहर बदलणं, घर हलवणं नको म्हणून राहत असाल तर मात्र फेरविचार करा.

जायचं ठरलं तर वर्षभर आधी लागा. अमेरिकी विभागांच्या मुदती बऱ्याचदा डिसेंबरमध्ये असतात आणि निधीसह आलेल्या प्रवेशाच्या प्रस्तावाला उत्तर द्यायला बहुतेक विद्यापीठं 15 एप्रिलपर्यंत वेळ देतात. होणाऱ्या गाइडला दीडशे-दोनशे शब्दांचा मेल पुरे: त्यांच्या एका पेपरवर नेमका प्रश्न, तुम्हाला काय करता येतं, सोबत सीव्ही. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा. बोलणं पुढे गेलं की त्यांच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी गाइडच्या गैरहजेरीत बोला. भेट किती दिवसांनी होते, मसुदा वाचून परत यायला किती वेळ लागतो, पहिला लेखक कोण असतो, हे विचारा.

आताच्या गाइडपासून लपवू नका. शिफारसपत्र त्यांच्याकडूनच लागणार आहे आणि बाहेरून कळलं तर त्या पत्रात ते उमटतं. मुदतीच्या महिनाभर आधी सगळ्या अर्जांची यादी तारखांसह त्यांना द्या. सर्वात जास्त बिघडतं ते अर्धवट पेपरचं. तुम्ही नव्या जागी गुंतता, इथे तो मसुदा पडून राहतो, मग कुणी दुसरा विद्यार्थी प्रयोग पुरे करतो आणि लेखकांच्या क्रमावरून वाद होतो. म्हणून निघण्याआधी कोण काय पूर्ण करणार, नावं कोणत्या क्रमाने, मसुदा कधी पाठवायचा हे एका मेलमध्ये लिहून सगळ्यांची संमती घ्या. प्रयोगवह्या आणि मूळ डेटा सहसा संस्थेचा असतो, प्रत परवानगीनेच न्या. विद्यापीठाचा मेल पत्ता बंद होणार, तेव्हा पेपरवर आणि ऑर्किड (ORCID, संशोधकाचा ओळख क्रमांक) खात्यावर स्वतःचा कायमचा पत्ता टाका. आणि नव्या ठिकाणचं पत्र, त्यात गाइडचं नाव, निधीची रक्कम आणि मुदत असं लेखी हातात येईपर्यंत इथल्या जागेला नकार कळवू नका.