वाचकांचे प्रश्न : शंकराचार्य जयंती आणि देव्हाऱ्यातलं पंचायतन

वैशाख शुद्ध पंचमीला आम्ही पंचायतनाची पूजा करतो. यंदा देव धुताना पाचही दगड एकत्र झाले. कोणता कुठे ठेवायचा?
– एक वाचक, गुहागर

आधी ओळख पटवा. काळा गुळगुळीत शाळिग्राम म्हणजे विष्णू, नर्मदेतला लांबट बाण म्हणजे शिव, तांबडा शोण म्हणजे गणपती, स्फटिक म्हणजे सूर्य आणि सोनेरी चकाकीचा तो देवी. बाण आणि शाळिग्राम ओल्यात सारखेच काळे दिसतात, घोटाळा तिथेच होतो. कोरडे करून उजेडात धरा.

मांडणी मधल्या देवावर ठरते. पूजेला बसल्यावर समोरची दिशा पूर्व धरायची, म्हणजे ईशान्य डावीकडे वरच्या कोपऱ्यात येते. मध्ये शिव असेल तर ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैऋत्येला गणपती, वायव्येला देवी. मध्ये विष्णू असेल तर त्याच क्रमाने शिव, गणपती, सूर्य, देवी. गणपती मध्ये असेल तर विष्णू, शिव, सूर्य, देवी. आपल्या घरात मध्ये कोण, हे थोरल्यांना विचारा. अंदाजाने बदलू नका. ताम्हनाखाली कागदावर एकदा आकृती काढून ठेवली की दरवर्षीची शोधाशोध संपते.

फुलं-पत्री वाहताना चार गोष्टी टाळतात : विष्णूला अक्षता, गणपतीला तुळस, देवीला दूर्वा, सूर्याला बेल. आणि परसात कितीही घमघमत असला तरी केवडा शंकराला नाही.

पंचामृत हिरवट का होतं? शिवाय देवांवर गंध टिकत नाही.
– एक वाचक, देवगड

तांब्याचं भांडं. दह्याच्या आंबटपणाने तांबं विरघळतं आणि पंचामृतात उतरतं. वैशाखातल्या उकाड्यात दही तासाभरात आणखी आंबतं, त्यामुळे इथे हे लवकर होतं. दूध, दही, तूप, मध, साखर स्टीलच्या किंवा चांदीच्या वाटीत कालवा. घरच्या देवांना पाचही मिळून अर्धी वाटी पुरे. ताम्हन तांब्याचं चालेल, पण अभिषेक झाल्याबरोबर रिकामं करा. तीर्थ म्हणून द्यायचं ते वेगळ्या वाटीत आधीच काढून ठेवा. हिरवं झालेलं प्यायचं नाही, ते झाडाच्या बुंध्याशीही नको.

गंध न टिकण्याचं कारण तूप. आपल्याकडे ते या दिवसांत पातळच असतं, दगडावर पातळ थर धरतं आणि गंध ओघळतं. पंचामृतानंतर कोमट पाणी घाला, चिमूटभर डाळीचं पीठ हलक्या हाताने चोळा, पुन्हा धुवून सुती फडक्याने पूर्ण कोरडे करा. पाणी कडकडीत नको, स्फटिकाला तडा जाऊ शकतो. गंधही दाट उगाळा : सहाणेवर दोन-तीन थेंबच पाणी, पळीभर ओतलं तर खोड फिरवत बसाल.

देवळाच्या फळ्यावर "कितवी जयंती" लिहावी?
– एक वाचक, मालवण

आकडा नकोच. इ.स. 788 हे साल रूढ आहे, पण अभ्यासकांत त्यावर एकमत नाही, आणि काही मठ जन्म इ.स.पू. 509 मानतात. "वैशाख शुद्ध पंचमी, श्रीमद् आद्य शंकराचार्य जयंती" एवढं लिहा. जन्मगाव केरळातलं कालडी मानलं जातं.

आमचे सारस्वत शेजारी ही जयंती करत नाहीत, ते का?
– एक वाचक, वेंगुर्ला

ते वैष्णव असतील. सारस्वतांचे मठ दोन परंपरांचे आहेत. गोव्यातल्या कवळ्याचा गौडपादाचार्य मठ स्मार्त, म्हणजे शंकराचार्यांच्या परंपरेतला. गौडपाद हे शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू. गोव्यातलाच पर्तगाळी मठ मात्र मध्वाचार्यांच्या वैष्णव परंपरेतला. त्यांची मध्वजयंती विजयादशमीला, म्हणजे आश्विन शुद्ध दशमीला येते. तुम्ही तेव्हा सोनं द्यायला जाल, त्यांच्याकडे पूजा चालू असेल. थोडं थांबून जा.