एन्झाइम अडवलं की आकुंचन वाढायलाच हवं का?

तुमचा प्रश्न असा: गिनीपिगच्या इलियमच्या (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या) तुकड्याला विजेचे झटके देताना फायसोस्टिग्मीन (कोलिनएस्टरेज हे एन्झाइम अडवणारं औषध) टाकलं, तर आकुंचन वाढलं. मग व्हास डेफरन्समध्ये (शुक्रवाहिनीत) एमएओ इनहिबिटर (नॉरअॅड्रेनलिन तोडणारं एमएओ हे एन्झाइम अडवणारं औषध) टाकून काहीच का झालं नाही?

कारण ट्रान्समीटर (चेतातंतूतून सुटून स्नायूला संदेश देणारं रसायन) आवरायचं काम दोन्हीकडे वेगवेगळ्यांकडे आहे. इलियममध्ये चेतातंतूतून सुटलेलं अॅसिटिलकोलिन कोलिनएस्टरेज तिथल्या तिथे तोडतं. त्याला अडवलं की तेच अॅसिटिलकोलिन जास्त वेळ रिसेप्टरपाशी (स्नायूवर ते जिथे चिकटतं तिथे) रेंगाळतं. व्हास डेफरन्समध्ये नॉरअॅड्रेनलिन मुख्यतः चेतातंतूच परत आत ओढून घेतो. एमएओ बसलंय आत, मायटोकॉन्ड्रियावर. तिथे काहीही केलं तरी बाहेर स्नायूला फारसा पत्ता लागत नाही. शिवाय त्या आकुंचनाचा पहिला झटपट भाग नॉरअॅड्रेनलिनचा नसतोच, तो एटीपी या दुसऱ्या ट्रान्समीटरचा असतो. तो वाढवायचा तर एटीपी तोडणारं एन्झाइम अडवावं लागेल.

नायट्रिक ऑक्साइडचं गणित तर उलटंच. ते स्नायू सैल करतं, म्हणून ते तयार करणारं एन्झाइम एल-नेम या औषधाने अडवलं की आतड्याचं आकुंचन बऱ्याचदा वाढतं. इथे साठा वाढून नाही, ब्रेक सुटून.

आता फायसोस्टिग्मीनबद्दल, कारण तिथेच बहुतेक जण फसतात. मीही फसलो होतो. सुरुवातीला डोसचा हात सढळ ठेवला. ट्रेसिंगवर (आकुंचनाच्या आलेखावर) दोन-चार उंच शिखरं आली आणि मग खालची रेषाच वर चढू लागली. तुकडा ताठ, दोन झटक्यांच्या मधे सैल व्हायलाच तयार नाही, आणि शिखरं बुटकी. वाटलं औषध आकुंचन कमी करतंय! खरं तर स्नायू आधीच अर्धा आवळलेला होता. त्यात साचलेलं अॅसिटिलकोलिन चेतातंतूच्या टोकावरच्या मस्कॅरिनिक (अॅसिटिलकोलिनच्याच एका प्रकारच्या) रिसेप्टरलाही लागतं आणि पुढचा स्राव कमी करतं. झटके भराभर दिले तर हे जास्तच जाणवतं. म्हणून डोस अगदी कमी ठेवा, झटके दूरदूर द्या.

आणि बाथमध्ये (तुकडा ज्या द्रावणात टांगलाय त्यात) कार्बाकोल, म्हणजे अॅसिटिलकोलिनसारखंच काम करणारं औषध, घालून बघाच. कोलिनएस्टरेज त्याला तोडू शकत नाही, त्यामुळे फायसोस्टिग्मीनने अॅसिटिलकोलिनचा डोस-रिस्पॉन्स कर्व्ह (डोसप्रमाणे आकुंचन दाखवणारा आलेख) डावीकडे सरकला, म्हणजे कमी डोसातच तेवढंच आकुंचन मिळालं, आणि कार्बाकोलचा जागचा हलला नाही, तर परिणाम एन्झाइममुळेच. टेट्रोडोटॉक्सिनने (चेतातंतूंचे संदेश बंद करणाऱ्या विषाने) आकुंचन थांबतं का हे मात्र त्याआधी तपासा. थांबलं नाही, तर तुम्ही चेतातंतूला नाही, थेट स्नायूलाच झटके देताय.