फिरून आल्यावर घरात मन का लागत नाही?

"महिनोन्महिने फिरून घरी आलो तर आनंद व्हायला हवा, उलट घर खायला उठतं. हे डिप्रेशन तर नाही ना?"

हा प्रश्न माझ्याकडे बरेच जण घेऊन येतात. कोणी नर्मदा परिक्रमेहून परतलेलं असतं, कोणी लेकीकडे परदेशात सहा महिने राहून. पण स्वतःच्या गाडीतच संसार थाटून फिरणारं जोडपं धुळ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पहिल्यांदाच आलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांना नाना आणि माई म्हणू.

नाना एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर त्यांनी जुनी ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढल्या आणि पलंग, शेगडी, १०० लिटरची टाकी सगळं स्वतः बसवलं. देश टप्प्याटप्प्यानं बघायचा. पहिला टप्पा दिवाळीनंतर: कोकण, कारवार, केरळ, कन्याकुमारी, रामेश्वर. फेब्रुवारीअखेर परत. दुसरा पुढच्या दिवाळीनंतर, द्वारका आणि कच्छ. मधले आठ महिने घरी. आपल्याकडचा उन्हाळा ४५ अंशांना टेकतो, त्यात पत्र्याच्या गाडीत कोण राहणार? आणि पावसाळ्यात माईंचा दमा उचल खातो.

आषाढात ते आले तेव्हा नाना रात्री अंगणातल्या गाडीत झोपत होते. माईंच्या दोन पिशव्या चार महिने दाराआड तशाच भरलेल्या. "परत भरायच्याच ना, मग सोडायच्या कशाला?" म्हणाल्या. मग अहिराणीत हळूच, "घर खावाले ऊठस, ताई."

इथं मी चुकले. मला वाटलं, रस्त्याची ओढ आहे, रिकामपण आहे. पहिल्याच भेटीत मी फिरायला जा, भजनी मंडळात जा, झाडं लावा असं सांगून मोकळी झाले. माईंनी मान डोलावली. पंधरा दिवसांनी आल्या त्या आणखी थकून. एका दमलेल्या बाईच्या डोक्यावर मी तीन कामं वाढवून ठेवली होती.

परतल्यावर मन खाली जातं, हे अभ्यासकांनी फार पूर्वी टिपलंय. १९५५ मध्ये लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास करून मांडलं की नव्या ठिकाणी मन आधी वर असतं, मग घसरतं, मग सावरतं. १९६३ मध्ये गुलाहॉर्न पती-पत्नींनी त्याला जोड दिली: मायदेशी परतल्यावर हीच घसरण पुन्हा होते. पुढच्या संशोधनात हा आलेख सगळ्यांना लागू पडला नाही, आणि ती माणसं गाडीत राहणारी नव्हतीच. तरी एक गोष्ट मला पटते. परक्या गावी त्रास होईल, हे आपण धरून चालतो. घरी होईल असं मनातही नसतं, म्हणून तो झाला की माणूस स्वतःलाच दोष देतो.

दुसऱ्या भेटीत मी दोघांना वेगवेगळं बसवलं आणि एकच विचारलं: गाडीतला एखादा साधा दिवस सांगा, सकाळी डोळे उघडल्यापासून.

नानांनी रस्ते सांगितले, डिझेल सांगितलं, कारवारजवळचा समुद्र सांगितला. माईंनी सांगितलं ते असं: पहाटे चहा नाना करायचे, कारण शेगडी त्यांच्या बाजूला होती. भांडी नानाच घासायचे, कारण टाकीतलं पाणी दोन दिवस पुरवायचं गणित त्यांच्याकडे. ती कमी पाण्यात घासायची असतात, तुला जमत नाही, असं मला म्हणायचे. (नळाची वाट बघत वाढलेल्या खानदेशी बाईला हे ऐकावं लागलं, यावर आम्ही दोघी खूप हसलो.) माई पुढे म्हणाल्या, मी भाकरी टाकायचे, बस. आणि दुपारी आम्ही बोलायचो.

"घरी?"

"घरी ते टीव्हीसमोर आणि मी ओट्यापाशी. जसं चाळीस वर्षं होतं तसं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. माईंना रामेश्वर आठवत नव्हतं, चहा करणारे नाना आठवत होते. त्या चार महिन्यांत संसाराची जी नवी घडी बसली होती, ती घराच्या उंबऱ्यावर मोडली. नाना मुद्दाम वागत नव्हते. घराला त्यांच्या जुन्या जागा पाठ होत्या, इतकंच. आणि नाना गाडीत झोपत होते तेही त्याच ओढीनं, फक्त त्यांना वाटत होतं की ती डिझेलची ओढ आहे.

तिघं एकत्र बसलो तेव्हा मी हे नानांसमोर मांडलं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे ती मला का नाही बोलली?" माई म्हणाल्या, "गाडीत बोलले असते."

ठरलं ते साधंच. पहाटेचा चहा नानांचा. संध्याकाळची भांडी नानांची. दुपारी तासभर टीव्ही बंद. नानांनी गाडीतून घरात झोपायला यायचं, आणि माईंनी त्या दोन पिशव्या सोडायच्या. पिशव्यांना माई सगळ्यात जास्त अडल्या. त्या सोडल्या की आपण परत जाणार नाही, अशी त्यांना धास्ती होती. शेवटी नानांनी कॅलेंडरवर निघायच्या तारखेला लाल गोल केला, तेव्हा सोडल्या.

आणखी एक काटा होता तो मला श्रावणात कळला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई ही देवी बसते, सारे भाऊबंद रोटाला, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणाला जमतात. जाऊबाईंनी फोनवर विचारलं, "यंदा गावात आहात का तुम्ही?" माई रडल्याच. पाच महिने शेजारी राहून आपण पाहुण्या झालो! भिशीतही त्यांची जागा दुसरीला दिली होती. लोकांचं चुकत नव्हतं, कायम निघण्याच्या बेतात असलेल्या माणसाला कोण धरून चालेल? त्या वर्षी रोटाचे गहू माईंनी स्वतः जाऊन दळून आणले. हे मी सुचवलं नव्हतं.

आता मूळ प्रश्न. परतल्यावर काही आठवडे चुकल्याचुकल्यासारखं होणं आजार नाही. पण दोन आठवडे जवळपास रोज मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, जगणं नकोसं होतंय, असं असेल तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही वाट बघू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो. माईंना मी थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासायलाही पाठवलं होतं. हिमोग्लोबिन कमी निघालं. थकव्यातला काही वाटा त्याचाही होता, सगळाच नव्हे.

दिवाळीनंतर ते कच्छला गेले. परतल्यावर मार्चमध्ये माईंचा फोन आला. पहिला आठवडा वाईटच गेला, म्हणाल्या, काही सुचत नव्हतं. पण पिशव्या दुसऱ्याच दिवशी सोडल्या. आणि भांडी घासताना नानांनी त्यांचा लग्नातला कप फोडला. मी हळहळले, तर म्हणाल्या, "राहू द्या हो ताई, तसाही कानतुटका होता."