फँटसी फुटबॉल: तुमचे प्रश्न, पहिल्या आठवड्यानंतर

(फँटसी फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंमधून आपला कागदावरचा संघ निवडायचा; ते मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्या संघाला मिळतात.)

प्रश्न: ऑफिसमधल्या १२ जणांच्या लीगमध्ये यंदा पहिल्यांदाच उतरलो. ड्राफ्टच्या, म्हणजे खेळाडू वाटून घेण्याच्या, दुसऱ्या फेरीत घेतलेल्या रिसीव्हरने (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) पहिल्या सामन्यात जेमतेम ५ गुण दिले. त्याच्याकडे ९ वेळा चेंडू फेकला गेला, ३ झेल आणि २० यार्ड हाती लागले. ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेल्या एका रिसीव्हरने मात्र ३ झेलांत २ टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेणं) केले. माझ्याकडे वेव्हरसाठी (कुणी न घेतलेल्या खेळाडूंवर बोली लावण्यासाठी) १०० डॉलरचं बजेट आहे. ६० लावून त्याला घेऊ का? आणि माझ्या रिसीव्हरला सोडून देऊ का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: सोडू नका. उत्तर तुमच्याच पत्रात आहे, तेही तुम्हीच लिहिलंय: ९ वेळा. क्वार्टरबॅकने (चेंडू फेकणारा) ज्याच्याकडे ९ वेळा पाहिलं, त्याच्यावर त्याचा भरवसा आहे. सहा चेंडू निसटले, ते पुढच्या रविवारी हातात बसू शकतात. दुसऱ्याने चेंडू झेलला तोच तीन वेळा. दर आठवड्याला त्यातले दोन टचडाउन कसे होतील?

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात शिजल्यावर. पहिला आठवडा म्हणजे नुकतीच चुलीवर चढलेली हंडी. २०१९ साली कॅन्सस सिटी संघाच्या सॅमी वॉटकिन्स या रिसीव्हरने पहिल्याच सामन्यात ९ झेल, १९८ यार्ड आणि ३ टचडाउन केले. झेलाला एक गुण देणाऱ्या लीगमध्ये ते जवळपास ४७ गुण होतात! सोमवारी आमच्या गटात दुसरा विषय नव्हता. त्यानंतर नियमित हंगाम संपेपर्यंत त्याला एकही टचडाउन करता आला नाही.

याच्या उलट २०२३ मधला पुका नाकुआ. रॅम्स संघाने त्याला खऱ्या लीगच्या, एनएफएलच्या, ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर निवडलं होतं. पहिल्या सामन्यात त्याच्याकडे १५ वेळा चेंडू गेला, १० झेल, ११९ यार्ड. दुसऱ्या सामन्यात २० वेळा चेंडू गेला, १५ झेल. या दोन्ही सामन्यांत टचडाउन एकही नाही. नुसता गुणांचा रकाना पाहणाऱ्याला तो बरा वाटला असेल, पण टार्गेट, म्हणजे त्याच्याकडे किती वेळा चेंडू फेकला गेला ते, मोजणाऱ्याने त्याच मंगळवारी बजेटची थैली मोकळी केली. वर्षअखेर १०५ झेल आणि १,४८६ यार्ड झाले, नवख्या खेळाडूंचे तोवरचे दोन्ही विक्रम त्याने मोडले. त्यात आणखी एक गोष्ट होती: संघाचा मुख्य रिसीव्हर कूपर कप जखमी होऊन बाहेर बसला होता, म्हणजे ते चेंडू कुणाकडे तरी जाणारच होते. जागा रिकामी झाली का, हे आधी पाहा. खेळाडू त्यानंतर.

मी वहीत प्रत्येक खेळाडूपुढे तीनच रकाने आखते: मैदानावर किती स्नॅप (डाव), किती टार्गेट, किती कॅरी (चेंडू घेऊन धावणं). गुण लिहीतच नाही, ते ॲप दाखवतंच. दोन आठवड्यांनी वही उघडली की कुणाला ठेवायचं ते दिसतं. त्या दोन टचडाउनवाल्यासाठी बाकावर जागा असेल तर ५–६ डॉलर लावा. ६० नकोत. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला हंगाम अजून सुरूही झालेला नाही म्हणा ना.

प्रश्न: मी पुण्यात असते, चुलत भावंडं शिकागोत. त्यांच्या लीगमध्ये मलाही घेतलंय. सामने होतात तेव्हा आमच्याकडे रात्र. संघ नेमका कधी लावायचा?
— एक वाचक, पुणे

उत्तर: तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. रविवारी रात्री ९ ला जेवणं उरकून फोन घेऊन बसा. रविवारचे बहुतेक सामने तुमच्या साडेदहाला सुरू होतात, आणि कोण खेळणार नाही त्याची अधिकृत यादी सामन्याच्या दीड तास आधी येते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली, अमेरिकेतली, घड्याळं मागे जातात, मग हे सगळं तासभर उशिरा. युरोपात सामना असेल तर तो तुमच्या संध्याकाळीच सुरू होतो, तेव्हा त्या आठवड्यात वेळापत्रक शनिवारीच पाहून ठेवा.

गुरुवारचा सामना तुमच्याकडे शुक्रवारी पहाटे पावणेसहाच्या सुमारास. त्यातला खेळाडू लावायचा असेल तर गुरुवारी झोपण्यापूर्वी लावा, आणि त्याला फ्लेक्सच्या जागी बसवू नका. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) असेल तर रनिंग बॅकच्याच रकान्यात. फ्लेक्समध्ये रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड (झेलही घेणारा, अडवणूकही करणारा), कुणीही चालतो. ती जागा शेवटपर्यंत मोकळी राहिली तर ऐनवेळी कुणी आजारी पडला तरी हात बांधलेले नसतात.

सोमवारच्या सामन्यातला खेळाडू दुखापतीतून सावरत असेल तर त्याच सामन्यातला दुसरा कुणीतरी बाकावर हवाच. २०२४ मध्ये ड्राफ्टची पहिली निवड माझी होती, आणि मी रनिंग बॅक क्रिश्चन मॅकॅफ्री घेतला. पहिल्याच सोमवारी, जेट्स संघाविरुद्धच्या सामन्याआधी, तो खेळणार नाही असं जाहीर झालं. माझ्या बाकावरचे सगळे रविवारीच खेळून मोकळे झालेले. त्याच्या जागी धावलेल्या जॉर्डन मेसनने १४७ यार्ड आणि एक टचडाउन केला, आणि तो आमच्या लीगमध्ये कुणाच्याच संघात नव्हता. बाकावरची एक जागा त्याला दिली असती तर तो सामना माझा होता. तेव्हापासून माझ्या पहिल्या रनिंग बॅकचा बदली माझ्याकडेच असतो, मग त्यासाठी दुसरा किकर (चेंडू लाथेने मारून गुण मिळवणारा), दुसरी बचावफळी असल्या चैनी सोडाव्या लागल्या तरी चालेल.

प्रश्न: माझा १६ वर्षांचा भाचा आणि मी एकाच लीगमध्ये आहोत. तो पहिलाच सामना हरला. आता त्याला माझा चांगला रनिंग बॅक हवाय, बदल्यात किकर देतो म्हणतो. ताईही म्हणते, देऊन टाक, लहान आहे.
— एक मामा, डॅलस

उत्तर: नाही, मामा. या लीगमध्ये तुम्ही दोघंच नाही, आणखी दहा जण आहेत, आणि त्यांनी ड्राफ्टच्या रात्री तीन तास बसून संघ उभे केलेत. हीच अदलाबदल तुम्ही शेजाऱ्याशी केली असती का? नसती, तर भाच्याशीही करू नका. मी १३ वर्षं आमच्या लीगची कमिशनर (लीग चालवणारी) आहे. हरण्यावरून भांडण झालेलं मला आठवत नाही. नवरा-बायको, भाऊ-भाऊ यांच्यातल्या असल्या देवघेवीवरून मात्र दोन घरांनी लीग सोडली, आणि दिवाळीच्या फराळालाही ती घरं नंतर आली नाहीत. मला त्याची अजून हळहळ वाटते.

हा खेळ सुरू झाला तोच आपसातल्या विश्वासावर. १९६२ मध्ये ओकलंड रेडर्स या संघाच्या मालकांपैकी एक, बिल विंकेनबाक, संघाबरोबर न्यूयॉर्कला गेले असताना हॉटेलात बसून त्यांनी सहकाऱ्यांसोबत याचे नियम लिहिले. पुढच्या वर्षी आठ संघांची पहिली लीग झाली. आज ॲप बेरीज करतं, पण देवघेव प्रामाणिक आहे का हे ॲपला कळत नाही.

भाच्याला खेळाडू देण्याऐवजी एक संध्याकाळ द्या. बहुतेक लीगमध्ये बाद फेरी १५ व्या आठवड्यापासून असते, तेव्हा एका पराभवाने काही बिघडत नाही. त्याचा संघ घेऊन बसा. कुणाला किती टार्गेट मिळाली, कुणाचा बाय वीक (संघाच्या सुट्टीचा आठवडा) कधी, दोन चांगले खेळाडू एकाच आठवड्यात तर सुट्टीवर जात नाहीत ना, हे त्यालाच लिहायला लावा. त्याच्याकडे रिसीव्हर जास्त आणि रनिंग बॅक कमी असतील, तर त्याने चांगला रिसीव्हर पुढे करून तुमच्याकडेच रीतसर मागणी करावी. ती मागणी तुम्हाला दोन मिनिटं विचार करायला लावणारी असेल तर बिनदिक्कत मान्य करा. आणि त्याला सांगा, तो कागद मलाही पाठव. मला त्याचा संघ पाहायचाय.