वसतिगृहातील पहिला रविवार

प्रश्न : आदरणीय सर, सादर प्रणाम. मी ठाण्यात लहानाचा मोठा झालो. सीईटीच्या गुणांनुसार मला कोकणातील एका लहान कृषी महाविद्यालयात बी.एस्सी. (कृषी) या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्यामुळे मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येथे आलो. महाविद्यालय गावापासून तीन किलोमीटरवर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर आहे. संध्याकाळी साडेसहानंतर एसटी नाही आणि मोबाइलला रेंज वसतिगृहाच्या गच्चीच्या एका कोपऱ्यातच मिळते. वर्गातील बहुतेक मुले विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातील शेतकरी घरांतून आलेली आहेत. भातकापणीच्या प्रात्यक्षिकात विळा कसा धरावा हे मला ठाऊक नव्हते. पहिल्याच मुठीला माझे बोट कापले आणि सगळे हसले. तेव्हापासून मला सगळे ‘मुंबईकर’ म्हणतात. दर शनिवारी दुपारी मी एसटी व रेल्वेने घरी जातो आणि रविवारी रात्री परत येतो. सोमवारी मला अधिकच उदास वाटते. हे शिक्षण सोडून पुन्हा सीईटी द्यावी काय? वडील म्हणतात वर्ष पूर्ण कर. आई फोनवर रडते.
— एक विद्यार्थी

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते अधांतरी राहिले तर बाकीचे काही तुमच्या मनात शिरणार नाही. शिक्षण सोडण्याचा निर्णय दुसरे सत्र संपेपर्यंत घेऊ नये. ऑक्टोबरमध्ये आलेल्या विद्यार्थ्याने डिसेंबरमध्ये शेतीच्या शिक्षणाविषयी मत बनविणे म्हणजे हंगामाचा एक तुकडा पाहून वर्षाचा हिशेब मांडणे होय. शिवाय तुमच्या पत्रात अभ्यासाविषयी एकही तक्रार नाही. मृदाशास्त्र कंटाळवाणे आहे किंवा वनस्पतिशास्त्रात मन लागत नाही असे तुम्ही कोठेही लिहिलेले नाही. तुम्हाला न पटलेली गोष्ट जागा आहे, विषय नव्हे, आणि सीईटी पुन्हा देऊन विषय बदलता येतो म्हणून तो बदलावा, हे काही खरे कारण होत नाही.

आता शनिवारांकडे येतो. मी नऊ वर्षे एका ग्रामीण महाविद्यालयाच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो आणि या अनुभवावरून एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो : पहिल्या सत्रात दर शनिवारी घरी जाणारा मुलगा दुसऱ्या सत्रातही पाहुणाच राहतो. यात त्याचा दोष नसतो. सोमवार ते शुक्रवार हे दिवस वेळापत्रकाचे असतात. तेव्हा सगळेच घाईत असतात आणि ओळख वर्गातील हजेरीपलीकडे जात नाही. वसतिगृह खऱ्या अर्थाने जागे होते ते रविवारी. सकाळी नळापाशी कपडे धुताना, दोरीवर कोणाची चादर आधी वाळत घालायची यावरून वाद घालताना, एकाच वस्तऱ्याचे पाते कोणाकडे उरले आहे ते विचारताना मुले एकमेकांची होतात. बहुतेक वसतिगृहांत रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. त्या एका जेवणाची सोय करण्यासाठी कोणी स्टोव्ह काढतो, कोणी कांदा चिरतो, कोणी गावातून पाव आणायला तीन किलोमीटर चालत जातो आणि जाताना सोबत म्हणून आणखी दोघांना ओढून नेतो. त्या वेळी तुम्ही ठाण्याहून परतणाऱ्या गाडीत असता. तुम्ही नसताना झालेल्या दहा-अकरा रविवारांच्या गप्पा सोमवारी सगळ्यांच्या बोलण्यात असतात आणि त्यातील एकही तुम्हाला कळत नाही. सोमवारच्या उदासीचे मूळ मला येथे दिसते.

म्हणून माझी विनंती अशी की, सलग तीन रविवार तेथेच राहा. एकाने भागणार नाही, कारण पहिला रविवार अतिशय लांब वाटेल आणि दुपारी चारच्या सुमारास बॅग भरावीशी वाटेल. दुसऱ्या रविवारी कोणीतरी तुम्हाला चहाला हाक मारील. तिसऱ्या रविवारी संध्याकाळच्या स्वयंपाकात तुमच्या वाट्याला एखादे काम येईल. ते काम भांडी घासण्याचे असले तरी नाकारू नका. त्यानंतर महिन्यातून एकदा घरी जाण्यास काहीच हरकत नाही, आणि तेव्हा ते जाणे तुम्हालाही गोड वाटेल.

विळ्याच्या प्रसंगाविषयी तुम्ही फार थोडे लिहिले आहे, परंतु पत्रातील सर्वांत दुखरी जागा तीच आहे असे मला वाटते. तुमचे वर्गमित्र शेतकऱ्यांची मुले आहेत हे खरे. पण त्यांना कोकणची शेती येते हे खरे नाही. यवतमाळच्या मुलाने कापूस, तूर आणि सोयाबीन पाहिलेले असते आणि त्याच्या पायाला काळ्या मातीची सवय असते. सोलापूरकडच्या मुलाने ज्वारी काढलेली असते. तुमच्या महाविद्यालयाभोवतीची जांभी माती, कातळ, डोंगरउतारावरील वरकस म्हणजे हलकी जमीन, उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा पसरून भाजला जाणारा राब, जूनमध्ये पेरलेला तरवा म्हणजे भाताची रोपे आणि जुलैत गुडघाभर चिखलात चालणारी लावणी, यांतील बहुतेक गोष्टी त्यांच्यासाठीही नव्या आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे काय हे त्यांनी पुस्तकात वाचले असेल. तुम्ही मात्र ठाण्याच्या पावसात वाढलेले आहात, आणि येत्या जूनमध्ये छत्री उलटी होऊनही न गांगरणारा वर्गातील बहुधा तुम्हीच असाल. विळा धरण्यात ते तुमच्या पुढे आहेत, एवढेच काय ते अंतर आहे. ते अंतर चार सकाळींत भरून निघते.

भरून काढण्याचा मार्गही सांगतो. वर्गमित्रांना विचारायला संकोच वाटत असेल तर प्रक्षेत्रावर, म्हणजे महाविद्यालयाच्या शेतावर काम करणाऱ्या मावशींना विचारा. त्या आसपासच्या वाड्यांतून येतात, लहानपणापासून त्यांनी लावणी आणि कापणी केलेली असते, आणि शिकायला आलेल्या मुलाने ‘मावशी, मला दाखवा ना’ असे म्हटले तर शंभरांत एखादीच नाही म्हणेल. भाताची कापणी झाली असली तरी शेत रिकामे नसते. भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल, कुळीथ, चवळी यांची पिके कोकणात घेतली जातात, आणि हीच पिके सध्या तुमच्या महाविद्यालयाच्या खाचरांत उभी असतील. पीकशास्त्राच्या प्राध्यापकांकडे जाऊन वालाचा एखादा लहान वाफा देखरेखीसाठी मागा. पाणी न देता हे पीक कसे तगते, ते पेरणीनंतर किती दिवसांनी फुलावर येते, शेंगेला कीड केव्हा लागते, हे रोज सकाळी वहीत लिहा. आंब्याला मोहोर येण्याचे दिवसही हेच आहेत. मोहोरावर तुडतुडे आले की फवारणीची जी धावपळ होते तीत स्वतःहून सामील व्हा. जानेवारी संपेपर्यंत तुमच्या वाफ्याजवळून जाणारा मुलगा ‘मुंबईकर’ अशीच हाक मारील. तीत तुम्हाला फरक ऐकू येईल. चौथ्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी तुम्हाला गावात जाऊन राहावे लागेल. तेव्हा शेतकरी पदवीच्या नावाकडे न पाहता तुमच्या हाताकडे पाहील.

तुमच्या पत्रात आणखी एक समजूत अस्पष्टपणे डोकावते, ती अशी की खरे ज्ञान शहरात आहे आणि तुम्ही त्यापासून दूर फेकले गेला आहात. येथे मला थोडे आग्रहाने बोलावेसे वाटते. हापूसमध्ये साका निघतो, म्हणजे पिकलेल्या फळाच्या गराचा काही भाग पांढरट व बेचव राहतो, आणि झाड वर्षाआड फळ देते, हे बागायतदारांचे जुने दुःख आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून साकाविरहित, दरवर्षी फळणारी ‘रत्ना’ ही जात तयार झाली ती वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात, आणि १९८१ साली ती शेतकऱ्यांच्या हाती आली. विंचूदंशाने कोकणात माणसे दगावत असत. त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरातील रुग्णांवर उपचार करीत असताना दाखवून दिला, त्यांचे काम ‘लॅन्सेट’सारख्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वेंगुर्ले आणि महाड ही गावे लहानच आहेत. ही कामे तेथे झाली, कारण तो आंबा आणि तो विंचू तेथेच होता. तुमच्या खिडकीबाहेर जो सडा दिसतो त्यावर आजही सोडविण्याजोगे प्रश्न पडलेले आहेत, आणि ते पाहण्यासाठी लोकांना मुद्दाम प्रवास करून यावे लागते.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी थोडक्यात सांगतो. रात्री गच्चीवर किंवा मेसकडे जाताना बॅटरी हातात ठेवा, कारण कातळावर फुरसे हा विषारी साप असतो आणि तो सहज दिसत नाही. सकाळी बूट झटकून घाला. पावसाळ्यात पायाला जखम असताना चिखलात उतरू नका, आणि उतरावे लागले व नंतर ताप आला तर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या आजाराची शक्यता गृहीत धरून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. अंगावर काढू नका. घरी फोन करण्याची वेळ ठरवून घ्या. रोज रात्री रेंज शोधत गच्चीच्या कोपऱ्यात तासभर उभे राहिल्याने आईचे रडे थांबत नाही आणि तुमचा अभ्यासही होत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगतो. घरची आठवण येणे, डोळ्यांत पाणी येणे, जेवण बेचव लागणे हे काही आठवडे चालणे स्वाभाविक आहे. परंतु सलग दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, किंवा जगणे नको असा विचार एकदा जरी मनात आला असेल, तर वरील सर्व सल्ला बाजूला ठेवून आपल्या रेक्टरांना किंवा विश्वासातील प्राध्यापकांना लगेच सांगा, आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन करा. ही शासकीय सेवा चोवीस तास विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. तशा स्थितीत घरी जाणे हाही योग्यच निर्णय ठरेल, आणि त्याला कोणी पळून जाणे म्हणू नये.

प्रश्न : माझी मुलगीही अशाच एका ग्रामीण महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. ती फोनवर ‘बरी आहे’ आणि ‘जेवले’ एवढेच बोलते. तिला खरोखर करमते की नाही हे मला कसे कळावे?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, ‘कशी आहेस’ या प्रश्नाला ‘बरी आहे’ याखेरीज दुसरे उत्तर संभवत नाही, म्हणून प्रश्न बदलून पाहा. आज मेसमध्ये शेजारी कोण बसले होते, खोलीतील मैत्रिणीचे गाव कोणते, प्रात्यक्षिकात काय लावले, असे विचारा. उत्तरांत हळूहळू माणसांची नावे येऊ लागली तर मुलगी रुळते आहे असे समजा. महिना-दीड महिना झाला तरी एकही नाव आले नाही तर मात्र स्वतः जाऊन या. तिला परत आणण्याच्या तयारीने न जाता एक दिवस राहण्याच्या तयारीने जा. शक्य असेल तर एसटीने जा, म्हणजे ती ज्या रस्त्याने येते-जाते तो रस्ता तुम्हालाही कळेल. तिच्या मेसमध्ये तिच्याबरोबर जेवा आणि तिच्या रेक्टरबाईंना शांतपणे भेटा. डबा नेलात तर तो खोलीतील सगळ्या मुलींना पुरेल एवढा न्या.