८-१० वर्षं जुना बोलेरो पिकअप घेताना आधी काय बघावं?

इंजिनाच्या आधी चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. गाडीखाली शिरा आणि मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ टॉर्च मारून बघा. ओव्हरलोड ओढलेली गाडी तिथेच तडकते, मग वेल्डिंग करून वर ताजा काळा रंग फासलेला असतो. असं दिसलं तर सौदा सोडाच.

इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा. ऑइलचं झाकण काढल्यावर भकभक धूर आला तर इंजिनाच्या पिस्टन रिंगा आणि सिलिंडर लायनर गेले समजा.

आरसीवर बोजा (कर्जाची नोंद) असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा फॉर्म) हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. ८ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी लागतं, तेही बघा.

घेतल्यावर आधी मागचे ब्रेक ड्रम उघडा. ब्रेक लायनर तेलकट असतील तर बहुधा चाकाच्या हबचं सील गळतंय, सील आणि लायनर दोन्ही बदला.